आंब्यापासून एक्याण्णव पावलं

काहीच नाय? म्हंजे अगदी काहीच नाय? — बघू तो कागद. नको, चष्मा घरी राहिलाय, तुमीच वाचा, आणि मराठीत वाचा, मला लाज आणायची तर समजेल अशा भाषेत आणा. — बरं. बरं. म्हंजे गेल्या महिन्यात तुमी या तारेच्या जाळीतल्या झाडाची पानं तोडून नेलीत, बर्फाच्या डब्यात घालून नेलीत — आमच्या पोरानं, शैलेशनं, लग्नानंतर बायकोला इतक्या थंडाव्यात कुठं नेलं नाय — आणि महिनाभर उकळून, वाटून, गाळून तुमची संस्था म्हणते की यात काही नाय. यकृताच्या पेशींना या पानानं बरंही वाटलं नाय आणि वाईटही वाटलं नाय. वा. बसा, रिया मॅडम, उभ्यानं असल्या बातम्या देऊ नयेत. त्या बाकावर नको, परवाच्या उद्घाटनासाठी रंगवलाय, अजून हाताला लागतो. इथं दगडावर बसा. या अख्ख्या औषधी उद्यानात हा एकटा दगड हाय ज्याला अजून कोणी नंबर दिलेला नाय.

कारणं हवीत ना तुमाला? देतो की. तीस वर्षं पनवेल डेपोला कंडक्टर होतो, गाडीला उशीर का झाला याची कारणं माझ्याइतकी कोणाकडं नसतील. पहिलं कारण, तुमी पानं तोडलीत मंगळवारी. हे औषध रविवारचं. शनिवारी संध्याकाळी येऊन झाडाला आमंत्रण द्यायचं असतं — पाच दाणे तांदळाचे आणि एक सुपारी बुडाशी ठेवायची, म्हणायचं, उद्या येते, चल माझ्याबरोबर. तुमी काय ठेवलंत बुडाशी? पिवळी पट्टी, सेंटिमीटरवाली. दुसरं, तुमी कात्री लावलीत. लोखंड लावायचं नाय, हातानं मोडायचं, आणि पेशंट जेवढे तेवढंच मोडायचं. आणि तिसरं, सगळ्यात मोठं — झाड समोर आलं की बोलणं बंद. परत खाली पायवाटेला लागेपर्यंत चकार शब्द काढायचा नाय. तुमी जाळीला टेकून फोनवर कोणाला तरी सांगत होतात की इथं रेंज मस्त येते. मग झाडानं का म्हणून गुण द्यावा? रुसलं ते. — लिहा ना, रुसलं असं लिहा. तुमच्या फॉर्मात त्याला रकाना हाय का?

काय म्हणता? — हो, ते खरंय. गंगाबाईच्या, म्हंजे माझ्या बायकोच्या, पुडीतलं औषध चाललं. ते मला सांगू नका, ते मी सुकापूरच्या आमच्या अख्ख्या सोसायटीला सांगून बसलोय. अकरा वर्षं झाली, तुमच्याच संस्थेतले एक सर आले होते, दारात बूट काढून जमिनीवर बसले, माझ्या बायकोला आई म्हणाले, आणि मग हळूच विचारलं, आई, काविळीवर देता ते झाड कुठलं. तिनं सांगितलं, नाव नाय सांगत, औषध देते, ते न्या. तव्यावर काळं होईपर्यंत भाजलेलं, पाट्यावर वाटलेलं, जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधलेलं. सर खूश. ती पुडी तुमच्या फ्रीजमध्ये अकरा वर्षं झोपून राहिली, आणि गेल्या वर्षी कोणाला तरी साफसफाई करताना सापडली, चला घालून बघू म्हणून मशीनमध्ये घातली, आणि मग तुमची सगळ्यांची झोप उडाली. असंच ना? तुमी जरा सभ्य शब्दांत सांगितलं होतं. मरायला टेकलेल्या पेशी सावरल्या म्हणालात. मी मनात म्हटलं, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दर रविवारी माणसं सावरून घरी जात होती, तेव्हा कोणी विचारलं नाय, आता पेशी सावरल्या तर जीपगाडी पाठवली. आणि आता पुडीत उरलंय चिमूटभर, आणि ते इतकं भाजलंय की कुठल्या झाडाचं ते काही केल्या कळत नाय. एवढी मोठी मशीन, आणि हरली कुणापुढं, तर माझ्या बायकोच्या तव्यापुढं. ती असती तर तव्याला हळदीकुंकू लावलं असतं तिनं.

म्हणून तुमी माझ्याकडं आलात. बरोबर केलंत, कारण मी ज्ञानधारक हाय. हसू नका, तसं प्रमाणपत्र हाय माझ्याकडं, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं, पाणी पडलं तरी ज्ञानाला काही होत नाय. गावानं जैवविविधतेची समिती काढली, आमचा शैलेश तिचा सचिव. गाव सोडून सुकापूरला फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि तिकडं गेल्यावर त्याला गावाचं रान दिसायला लागलं. वाईट नाय पोरगा, मनापासून करतो. नोंदवही केली, त्यात माझा फोटो लावला, नाव दादू, अनुभव वंशपरंपरागत. मग आमाला सगळ्यांना पनवेलला एका हॉलवर नेलं, रान कसं राखायचं ते शिकवायला. एक साहेब दिवसभर पडद्यावर चित्रं दाखवत होते — एका झाडाची सगळी पानं ओरबाडू नका, थोडी ठेवा. गंगाबाईची रीत मी तुमाला सांगतो, तिनं सासूकडून शिकलेलं, ज्या झाडाचं एकदा घेतलं त्याला पुढच्या पावसाळ्यापर्यंत हात लावायची नाय. पण तिच्याकडं पडदा नव्हता. माझी आजी चिरनेरची होती, ती सांगायची, जंगलाच्या पायी तिकडं लोकांनी इंग्रजांच्या गोळ्या खाल्ल्या. आमी जंगलाच्या पायी समोसे खाल्ले. चटणी चांगली होती.

हा, तो फॉर्म. दाखवलात तुमी मागच्या वेळी. चांगला फॉर्म हाय, थट्टा नाय करत. औषध निघालं तर गावाचा त्यात वाटा, गावाला विचारल्याशिवाय पाऊल पुढं टाकणार नाय, सगळं लिहिलंय. अशी माणसं आधी आली असती तर बरं झालं असतं. सगळे रकाने भरलेत, ज्ञानधारक दादू, ठिकाण हेच, भाग पान आणि कोवळी काडी, रोग कावीळ. एकच रकाना रिकामा हाय, झाडाचं नाव. बाकी गाडी तयार, प्रवासी बसलेत, फक्त इंजीन नाय.

नाव तर सांगायचं नसतं, मॅडम. नाव सांगितलं की गुण जातो. एकानं एकालाच द्यायचं, आणि तेही इथं आणून, बोट लावून दाखवायचं, तोंडानं नाय. माझ्या आईकडं होतं हे. मी तिचा एकुलता मुलगा, मला वाटलं मला देईल. दिलं कोणाला, तर सुनेला. मी विचारलं, आई, असं का? म्हणाली, तू फार बोलतोस. झालं, विषय संपला. चाळीस वर्षं झाली त्या गोष्टीला, आणि तुमीच बघा, सकाळपासून तुमाला एक वाक्य पुरं करू दिलंय का मी? आईला माणसं कळायची.

— म्हंजे काय, मग तुमाला कसं माहीत? वा, आता विचारलात कामाचा प्रश्न. एवढी शिकलेली मुलगी, हे मागच्या महिन्यातच विचारायला हवं होतं. पण मागच्या महिन्यात मी शाल पांघरून बसलो होतो, आणि शाल पांघरलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नाय.

सांगतो. रविवारी पहाटे पहिल्या एसटीनं आमी दोघं यायचो. एकट्या बाईनं रानात जायचं नाय म्हणून मी बरोबर. खालच्या त्या रायवळ आंब्यापर्यंत बोलत यायचो — म्हंजे मी बोलत यायचो. आंब्यापासून वर एक्याण्णव पावलं. मोजायची खोड माझी, डेपोतली, गाडीत चढले किती, उतरले किती. एक्याण्णवाव्या पावलाला ती माझ्या खांद्याला हात लावायची, की मी थांबायचं आणि फिरायचं. तोंड आंब्याकडं, पाठ तिच्याकडं. तिनं मोडायचं, मी बघायचं नाय. तीस-पस्तीस वर्षं, मॅडम, मी या डोंगरावर येऊन एकच आंबा बघितलाय. त्या आंब्याची फांदी न् फांदी सांगतो तुमाला, हवं तर त्याचा फॉर्म भरा.

पण कान कुठं झाकणार? कान उघडेच होते. इतर झाडाची काडी मोडली की एकदा वाजते. त्याची दोनदा वाजायची. आधी साल, मग आतला गाभा — टक् टक्. गाडी सोडायला आमी घंटी मारायचो ना, दोनदा, तशीच. दर वेळी मला हसू यायचं, आणि बोलायचं तर नाय, म्हणून दात दाबून उभा राहायचो. आणि तिच्या हाताला वास यायचा, ओल्या पाटीचा. शाळेत फडक्यानं पाटी पुसायचो आपण — तुमी नसाल पुसली, तुमची पिढी वह्यांची. कितीही हात धुतले तरी तो वास दुपारच्या जेवणापर्यंत राहायचा. भाकरीला लागायचा. हे एवढं माझं ज्ञान. एक आवाज आणि एक वास. लिहा.

पेन का ठेवलंत? लिहा की. ज्ञानधारकाला झाड माहीत नाय असं लिहा, स्पष्ट अक्षरात लिहा, म्हंजे शैलेशला पण वाचता येईल.

तीन वर्षांपूर्वी गेली ती. तेराव्यानंतरचा पहिला रविवार, मी खाली दूध आणायला उतरलो, तर पार्किंगमध्ये सहा माणसं बसलेली. पिवळे डोळे, अनशापोटी, हातात नारळ. एक बाई तर थेट पेणवरून आलेली. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आता सांगायचं काय, की बाई गेली आणि औषध पण गेलं, घरी जा? तोंडातून निघालं, थांबा, येतो. एसटी धरली, आंब्याशी आलो, एक्याण्णव पावलं मोजली, आणि तिच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूला तोंड करून. आणि काय दिसलं असेल? झाडी. नुसती झाडी, कमरेएवढी, वीस-पंचवीस तऱ्हेची, सगळी हिरवी. मी आपला एकेक मोडत बसलो, टक् टक् वाजतंय का बघत, पण तिकडं पार्किंगमध्ये माणसं उपाशी बसलेली, डोक्यात ती, कानात काही शिरतच नव्हतं. शेवटी एक त्यातल्या त्यात बरं वाटलं ते घेतलं. भाजलं, वाटलं, ताकातून दिलं. सहाच्या सहा बरी झाली.

तुमी मान हलवताय तसंच मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं — बरीचशी कावीळ आपोआप उतरते, आराम केला की झालं. पण तेव्हा मला वाटलं, चला, जमलं. आईला दाखवून दिलं. मग सुरू झालं दर रविवारी. मग समिती, मग प्रमाणपत्र, मग शाल. आणि मग निकेश.

कामोठ्याचा पोरगा, रिक्षा चालवतो, सव्वीस वर्षांचा. तीन रविवार आला. तीन रविवार मी माझ्या हातानं त्याला ताक पाजलं, त्यात काय होतं ते मलाच माहीत नाय. चौथ्या रविवारी त्याची आई एकटी आली, पोरगा उठेना, हाक मारली तर भलतंच बोलतोय. आणि ती बाई मला काय विचारते, तर दादू, माझ्याकडून पथ्य चुकलं का हो, शनिवारी मी घरात बोंबील भाजले होते, त्याला वास लागला असेल. तिची चूक शोधत होती ती. मी कामोठ्याला गेलो, त्याला त्याच्याच रिक्षात घातलं आणि इस्पितळात नेलं. एकवीस दिवस काढले त्यानं तिथं. वाचला. आणि वाचल्यावर नारळ घेऊन माझ्याकडं आला. आई म्हणाली, दादूंच्या औषधाचा आधार होता म्हणून पोर टिकलं. मी काय केलं विचारा. नारळ घेतला. फोडला. सगळ्यांना वाटला. गोड होता, अजून आठवतो. तेव्हापासून मी कोणाला काही देत नाय. सांगतो, औषधाला सुतक लागलंय, तुमी आधी डॉक्टरकडं जा. जातात बिचारे. सुतक म्हटलं की जातात, यकृत म्हटलं की नाय जात.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण तुमाला या जाळीचं सांगितलं पाहिजे. तुमी तिचा फोटो काढून मोठ्या साहेबांना पाठवलाय ना, लोकांनी स्वतःहून राखलेलं दुर्मीळ झाड म्हणून? तर ऐका. गेल्या फेब्रुवारीत समितीनं ठरवलं, इथं औषधी उद्यान करायचं. रानात उद्यान. पायवाटेला लाद्या, तुळस, अडुळसा, कोरफड, सगळं नर्सरीतून आणून लावायचं आणि प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पाटी. पण आधी जागा साफ करायची. गवत कापायची मशीन घेऊन चार जण आले, शैलेश मला म्हणाला, बाबा, तुमचं झाड कुठलं ते दाखवा, तेवढं ठेवू, बाकी झुडपं काढू. सगळी समिती उभी, दोन फोटोवाले, आणि मी. आता त्या वेळी मी म्हणू शकलो असतो, बाबांनो, मला माहीत नाय, हात लावू नका, यातलं एक ते हाय. एवढंच वाक्य. तीस वर्षं सुट्ट्यावरून अख्ख्या गाडीशी भांडलेला माणूस मी, मला वाक्य सुचत नाय असं कधी झालं नाय. तेव्हा झालं. गळ्यात शाल होती. मी बोट केलं. कशाकडं? सगळ्यात उंच होतं त्याच्याकडं. फोटोत चांगलं दिसेल म्हणून. त्याच्याभोवती ही जाळी लागली, हा बोर्ड लागला, माझं नाव लागलं, आणि बाकीचं सगळं मशीननं कापलं. लोखंडानं. दुपारपर्यंत मशीन चालली, आणि हवेत वास येत होता, ओल्या पाटीचा. मी इथंच उभा होतो. सगळे म्हणाले, दादू भावुक झाले.

तर तुमचा रिपोर्ट बरोबर हाय, मॅडम. तुमच्या मशीनला शिव्या देऊ नका. या जाळीत काहीच नाय.

— नाय, गंगाबाई मला सांगायला तयार नव्हती असं नाय. हे विचारायला कोणी सांगितलं तुमाला? मी बोललो का? — बरं, आता निघालंय तर निघालं. आईनं गंगाबाईला झाड दाखवलं आणि महिन्याभरात आई गेली. आधीपासून आजारी होती, मला कळत होतं, पण मनात ते बसलं की दाखवलं म्हंजे संपलं, दाखवणारा मग राहत नाय. तीन वर्षांपूर्वीचा असाच महिना, पाऊस ओसरायला आलेला. मी असा इथं, पाठ करून. मागं टक् टक् झालं. आणि मग ती बोलली. इथं, झाडासमोर, जिथं कधी बोलायचं नाय तिथं. म्हणाली, वळा. बघा इकडं. मी नाय वळलो. मला तिचा दम लागलेला ऐकू येत होता. परत म्हणाली, अहो, वळा की, कोणाला तरी द्यायला पाहिजे. आणि मी, मी घाबरलो, मॅडम. घाबरलो म्हणून थट्टा केली. म्हटलं, गंगाबाई, तू ड्रायव्हर, मी कंडक्टर, रस्ता तू बघ, मी घंटी मारतो. ती हसली. मनापासून हसली हो, ते पण ऐकलं मी. आणि पुन्हा कधी म्हणाली नाय. वळलो नाय तर ती जाणार नाय, असा माझा हिशेब. चार महिन्यांत गेली. आई म्हणाली होती, तू फार बोलतोस, ते हेच, बहुतेक. मला वाटायचं मी लोकांना फार सांगतो म्हणून ती तसं म्हणाली.

जा आता. उठा, तुमची जीप उन्हात उभी हाय. कागदावर लिहा, माहिती उपलब्ध नाय, आणि खाली सहीला मी अंगठा देतो, सही तर कंडक्टरला येते पण अंगठा शोभेल. उद्या मशीन परत येणार, परवा उद्घाटनाला पाहुणे येणार, सगळं कसं गुळगुळीत पाहिजे. हे बघा, मशीननं वरचं कापलं होतं, मुळं तशीच राहिली, पावसात सगळं परत वर आलंय, जाळीच्या बाहेर बघा, गुडघ्याच्या वर गेलंय. उद्या परत जाईल. — शैलेशला फोन करू? आणि काय सांगू, कुठलं ठेव? परत बोट करू? — सगळंच ठेव म्हणू? रानाच्या उद्घाटनाला येऊन पाहुण्यांना रान दिसलं तर केवढे चिडतील.

काय म्हणालात? — परत म्हणा. — आवाज अजून लक्षात हाय का. हे विचारायला तुमी दोन तास घेतलेत, आणि मला तीन वर्षं लागली. लक्षात? अहो, पहाटे एसटी सुटायची घंटी वाजली की मी अजून दात दाबतो.

उठा. बॅग राहू द्या. इथून नाय, खाली आंब्यापासून. या माझ्यामागं. तुमी मोजू नका, गोंधळ होतो, मी मोजतो. — हं. — हं. दगड हलतो तो, जपून. — अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. नव्वद. — एक्याण्णव. हा इथं मी. आता तुमी माझ्या मागं जा, चार पावलं, आणि मी इकडं तोंड करतो. नमस्कार, आंबेराव. जुनी ओळख हाय आमची.

आता खाली बसा. कात्री नाय, हातानं. एका झाडाची एकच काडी, कोवळी. आमंत्रण दिलेलं नाय, तांदूळ नाय, वार पण शुक्रवार — म्हणावं, माफ कर, घाई हाय, उद्या मशीन येणार. नाय, तुमी नका म्हणू, मी म्हणतो. तुमी बोलू नका. — मोडा. — नाय. हे ओलं वाजलं. पुढचं. — नाय. — नाय, हा कुडा, चीक लागेल, हात पुसा. — नाय. — डावीकडं सरका. ती डावखुरी होती, मी तीन वर्षं उजवीकडंच शोधत बसलो, आत्ता बोलता बोलता आठवलं. — आणखी. — नाय. — नाय. — लहान असेल तरी मोडा, उंचीवर जाऊ नका, उंची माझी चूक होती. — नाय. —

थांबा.

त्याच झाडाची. दुसरी काडी. मोडा.

— इकडं या, हात पुढं करा. माझ्या खांद्यावरून, असा, नाकाजवळ. — हं. — हं.

कागद राहू द्या. नाव माहीत असेल तर मला सांगू नका. परत बसा, हात त्या झाडावरच ठेवा, काढू नका. मी वळतोय. आता बोलायचं नाय.